मुलाच्या पापणीवरील गोचीड

गोचीड म्हटला कीं शेतकऱ्यास जनावराचा कान, कांस किंवा शेपटीचें मूळ आठवतें. मुलाची पापणी आठवत नाहीं. परंतु विट्याच्या आसपास खिल्लार बैल, गाईम्हशी व शेळ्या पुष्कळ ठिकाणीं घराला लागूनच बांधलेल्या असतात. मुलें वासराच्या गळ्याला मिठी मारतात, गोठ्यांतच खेळतात, आणि एखादा बारीक गोचीड पापणीच्या केसांच्या मुळाशीं जाऊन बसतो. त्याच्या लाळेनें चावल्याची वेदना कळत नाहीं. म्हणून मूल तक्रार करीत नाहीं. कांहीं दिवसांनीं रक्त पिऊन तो फुगला, म्हणजे घरचीं माणसें त्यास रांजणवाडी किंवा चामखीळ समजतात. रांजणवाडी लाल होते व ठणकते. हा करडा दाणा सहसा दुखत नाहीं, आणि भिंगांतून पाहिल्यास त्याचे पाय दिसतात. ही खूण आम्ही वाचकांस मुद्दाम सांगतों.

गोचीड ओळखल्यावर घरोघरीं जे उपाय होतात, ते चाव्याहूनही घातक. कोणी राकेल लावतो, कोणी विडीचा चटका देतो, तर कोणी नखांनीं ओढतो. राकेल किंवा चटका बुबुळास लागला तर दृष्टीस अपाय होतो. गोचिडाच्या तोंडास उलटे कांटे असतात. हिसडा दिला कीं धड हातांत येतें व तोंड पापणींत राहून तेथें गांठ धरते. पोट दाबलें गेल्यास त्यांतील द्रव जखमेंत उतरण्याचें भय असतें.

अंगावर अन्यत्र गोचीड असल्यास बारीक टोंकाच्या चिमट्यानें तो अगदीं कातडीलगत धरून, न पिळतां, सरळ व संथपणें ओढावा आणि जागा साबणानें धुवावी. पापणीस मात्र घरीं हात लावूं नये. मुलास डोळा चोळूं न देतां त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे न्यावें. जवळपास सोय न झाल्यास मिरजेच्या शासकीय रुग्णालयांत नेत्रविभाग आहे. नेत्रवैद्य पापणी बधिर करून भिंगाखालीं गोचीड समूळ काढतात. तोंड अडकलेंच तर तेवढा कातडीचा कण कापून घेतात व मलम देतात.

पुढें दोन आठवडे मुलाकडे लक्ष ठेवावें. ताप, डोकेदुखी किंवा तळहात-तळपायांवर लाल पुरळ दिसल्यास डॉक्टरांस गोचीड चावल्याचें आवर्जून सांगावें. गोचीडतापावर डॉक्सिसायक्लिन हें औषध वेळेवर मिळाल्यास गुण येतो. चावल्याची गोष्ट सांगितलीच नाहीं, तर तो साधा ताप समजला जाऊन मोलाचे दिवस वायां जातात. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांत प्रथम ओळखला गेलेला व २०१६ सालीं सिंधुदुर्गांत दोडामार्गाकडे आढळलेला माकडताप हा दाट रानांतील गोचिडांचा रोग आहे. त्याच्या धास्तीनें आमच्या माळरानावर कोणीं गांगरून जाऊं नये.

खरा बंदोबस्त गोठ्यांतच व्हावयास पाहिजे. रक्तानें टम्म झालेली मादी खालीं गळून भिंतीच्या भेगांत दोन-तीन हजार अंडीं घालते. म्हणून भेगा लिंपाव्या, भिंतींस चुना द्यावा, आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानें जनावरांवर व गोठ्यांत औषध मारून, अंडीं फुटल्यावर तें पुन्हां मारावें. हें औषध विष आहे. मुलाच्या अंगास तें कधींही लावूं नये.

बैलास धुतांना आपण त्याचे कान उलटून पाहतों. तसेंच मुलास न्हाऊं घालतांना त्याच्या कानांमागें, केसांत व पापण्यांवर रोज एकदां नजर फिरवावी.