जीपमधील हवेचा कॉम्प्रेसर : खोक्यावरील आकड्याला भुलू नका

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत आणि गावोगावच्या नाक्यांवर पंक्चर, वायरिंग व गॅरेजच्या धंद्यात आपले असंख्य बांधव आहेत. या धंद्याला अलीकडे एक नवे काम मिळाले आहे. २०२० मध्ये नव्या रूपात आलेली थार, २०२३ मध्ये आलेली जिमनी आणि गुरखा या गाड्या घेऊन चिखलात, वाळूत, डोंगराच्या वाटांवर जाणारे शौकीन वाढले आहेत. त्यांना गाडीत स्वतःचा हवेचा कॉम्प्रेसर हवा असतो. तो कोणता द्यावा आणि कसा बसवावा, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

गरज कशासाठी?

वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधील हवा १५ ते १८ पाउंडांपर्यंत उतरवतात. टायर पसरतो, जमिनीवर टेकणारा भाग वाढतो आणि गाडी रुतत नाही. मात्र तशाच टायरवर डांबरी रस्त्याने वेगाने गेल्यास टायर तापून फुटण्याची भीती असते. म्हणून बाहेर पडताच हवा पुन्हा भरावी लागते आणि तेथे पंचवीस मैलांत पंक्चरवाला नसतो.

निवड कशी करावी?

बहुतेक गिऱ्हाईक खोक्यावरील सर्वांत मोठा आकडा पाहते : १५० पाउंड! हा आकडा येथे कामाचा नाही, कारण टायरला लागतात तीसेक पाउंड. विचारायचे ते एवढेच, की ३० पाउंडांचा दाब समोर असताना यंत्र मिनिटाला किती लिटर हवा देते. खोक्यावर बहुधा मोकळ्या तोंडाचा आकडा छापतात. दाब चढला की तो बराच उतरतो.

हिशेब सोपा आहे. थारच्या २५५/६५ आर १८ टायरमध्ये सुमारे ७० लिटर जागा असते. १८ वरून ३२ पाउंडांवर जाणे म्हणजे १४ पाउंडांची वाढ, जवळजवळ एक वातावरणाचा दाब. म्हणजे तेवढीच, ६५ ते ७० लिटर बाहेरची हवा आत जायला हवी. दाबाखाली मिनिटाला ३५ लिटर देणारे यंत्र एका टायरला दोन मिनिटे घेईल, चार टायरना आठ. जिमनीचा १९५/८० आर १५ टायर लहान, त्याला चाळीसेक लिटर पुरतात.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. काही यंत्रांवर ३३ टक्के असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, दहा मिनिटे चालविल्यावर वीस मिनिटे थंड होऊ द्यावे लागते. चार टायर एका दमात भरणार नसतील, तर ते गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. जास्त तापल्यास आपोआप बंद होणारे यंत्र असल्यास उत्तम.

वायरिंगमध्ये कंजूषी नको

डॅशबोर्डवरील सिगारेट लायटरच्या सॉकेटला साधारण १० ते २० अँपिअरचा फ्यूज असतो. त्यावर लहान पंप चालेल. ३० अँपिअर ओढणारे यंत्र थेट बॅटरीवरच जोडावे. आमच्या पाहण्यातील एका जीपमध्ये असे यंत्र घरगुती पंख्याच्या वायरवर जोडले होते. वायरीचे आवरण वितळून आत चिकटले होते. आग लागली नाही, हे नशीब.

तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर वायर तीन मीटर नेली, तर जाऊन-येऊन सहा मीटर होतात आणि ३० अँपिअरला सुमारे सव्वा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. वायर तापते आणि यंत्र मंद चालते. ६ चौरस मिलिमीटरची वायर घेतल्यास हा तोटा अर्ध्या व्होल्टवर येतो. फ्यूज ४० अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. यंत्राजवळ बसविलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवीत नाही. रिलेच्या ३० क्रमांकावर फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वर कॉम्प्रेसर आणि ८५-८६ वर बटण व अर्थ. मोठा विद्युतप्रवाह बटणातून नेऊ नये. यंत्र चालू करताना इंजिन चालू ठेवावे, नाहीतर जंगलात बॅटरी उतरेल.

बसविण्याची जागा

बोनेटखाली जागा असली तरी सायलेन्सरच्या पाइपाजवळ यंत्र नको. बंद पेटीतही नको, कारण ते स्वतःच तापते. हवा ओढण्याचे तोंड उंच, धूळ-पाण्यापासून दूर असावे. ते शक्य नसल्यास नळी लावून वर न्यावे. यंत्रातून निघणारी हवा गरम असते, म्हणून पहिली दीड-दोन फूट नळी साध्या रबराची न लावता स्टीलच्या जाळीची लावावी. जाड पत्र्याची पट्टी, रबरी बूश आणि न ढिलावणारे नट वापरावेत.

चासी कापणे किंवा तिला वेल्डिंग करणे टाळावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने आहेत. पट्टी असलेल्या बोल्टच्या जागीच बसवावी. मूळ वायरिंगला कोठेही कट मारू नये आणि वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो, हेही मालकाला आधीच सांगावे.

सौदा खरा असावा

बाजारातील धान्याच्या ढिगात हजरत पैगंबर (स.) यांनी हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले, हा प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पावसाने भिजले म्हणणाऱ्याला, मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. खोक्यावर छापलेला मोठा आकडा हे वरचे कोरडे धान्यच आहे. दुकानात एक चांगला प्रेशर मीटर आणि घड्याळ ठेवावे, गिऱ्हाइकाच्या समोर एक टायर भरून दाखवावा आणि लागलेली मिनिटे बिलावर लिहून द्यावीत. यंत्र मंद असेल तर मंद म्हणून, कमी भावात विकावे.

शौकीन मंडळी एकमेकांना विचारून गॅरेज निवडतात. एका ठिकाणी वायर जळाली, तर दहा गाड्या परत येत नाहीत. एकाचे काम नीट झाले, तर दहा येतात. सहा चौरस मिलिमीटरची वायर आणि खरा आकडा यांना थोडे जास्त पैसे लागतील, पण हलाल रोजीची बरकत त्यातच आहे.