साठ लिटरांतले शेजारी

60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 36 उंच अशी काचेची टाकी घेतली, तर कागदावर तिच्यात जवळपास 65 लिटर पाणी मावतं. तळाची वाळू, दगड आणि वरची मोकळी पट्टी वजा केली की हाती पन्नासेक लिटर राहतात. शौकीन मंडळी हिला ‘नॅनो टँक’ म्हणतात. फ्लॅटच्या दिवाणखान्यात बसणारी आणि खिशालाही त्यातल्या त्यात परवडणारी ही टाकी, म्हणून खाऱ्या पाण्याच्या माशांची हौस बहुधा हिच्यापासूनच सुरू होते. पहिला मासाही ठरलेला असतो. 2003 मध्ये ‘फाइंडिंग निमो’ पडद्यावर आला, तेव्हापासून केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरवणाऱ्या क्लाऊनफिशला पर्यायच उरला नाही. प्रश्न पडतो तो पुढे: याच्यासोबत कोण? त्याचं तयार उत्तर एका तक्त्यात मिळतं. उभ्या-आडव्या रकान्यांत जातींची नावं आणि छेदाच्या चौकटीत ‘चालेल’, ‘जपून’ किंवा ‘नको’. पत्रिका जुळवावी तशी दोन नावं जुळवायची आणि मासे घरी आणायचे. या तक्त्यात एक रकाना मात्र नसतो. टाकी केवढी, हे तो विचारतच नाही. माझ्या मते छोट्या टाकीत सगळा निकाल त्या एका रकान्यावर लागतो, आणि तो प्रामाणिकपणे भरला तर दोन-तीन माशांनंतरचा चांगला सोबती मासा नसतोच; तो कोळंबी किंवा गोगलगाय असतो.

प्रवाळखडकांवर शेकडो जाती एकमेकींना खेटून राहतात, याचं आपल्याला अप्रूप वाटतं. ती शांतता भांडणाच्या अभावातून आलेली नाही. भांडण तिथेही रोजचंच आहे. फक्त हरलेल्याला निघून जाता येतं. दोन हात पलीकडे दुसरी कपार असते, आणि पाठलाग करणाऱ्यालाही आपली हद्द सोडून फार लांब जाणं परवडत नाही. काचेच्या टाकीत दोन हातांवर भिंत येते. हरलेला मासा जेत्याच्या नजरेआड होतच नाही, म्हणून समुद्रात काही सेकंदांत मिटणारं भांडण इथे दिवसेंदिवस चालतं. शेपटी कुरतडली जाते, मासा कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी लटकून राहतो, खायचं सोडतो. मरतो तेव्हा अंगावर मोठी जखम दिसेलच असं नाही, आणि मालक दोष पाण्याला देतो.

ज्याला आपण गोंडस समजतो त्या क्लाऊनफिशचंच उदाहरण घ्या. एका समुद्रफुलात त्यांचा लहानसा गट राहतो. सर्वांत मोठी ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नर, बाकीचे प्रजनन न करता रांगेत थांबलेले. मादी मेली की नर मादी होतो आणि रांग एका जागेने पुढे सरकते. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या क्लाऊनफिशवर केलेलं काम 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की खालच्या क्रमांकाचा मासा आपली वाढ रोखून धरतो आणि वरच्यापेक्षा ठरावीक अंतराने लहानच राहतो. वरच्याच्या बरोबरीला येऊ लागला तर हाकलला जाण्याची भीती, आणि समुद्रफुलाबाहेर पडलेला क्लाऊनफिश फार काळ जगत नाही. स्वजातीयांमध्येही इतकी शिस्त लागते, ती जागा मोजकी असते म्हणून. टाकीत दोन लहान पिल्लं एकत्र आणली तर त्यांतली एक मादी होते आणि जोडी जमते. हौसेने तिसरं पिल्लू सोडलं की बहुधा त्याचाच बळी जातो. तक्त्यात मात्र ‘क्लाऊनफिश आणि क्लाऊनफिश’ या चौकटीत बिनदिक्कत ‘चालेल’ लिहिलेलं असतं.

मग वेगवेगळ्या रंगांचे, वेगवेगळ्या जातींचे मासे आणले तर? या समजुतीमागे मोठं नाव आहे. कोनराड लोरेन्झ यांनी 1963 च्या आपल्या आक्रमकतेवरच्या पुस्तकाची सुरुवातच प्रवाळखडकांवरच्या माशांनी केली. भडक रंग हा आपल्याच जातीच्या माशाला दिलेला इशारा आहे आणि जास्तीत जास्त मारामारी सारख्या रंगाच्या माशांत होते, असं त्यांचं प्रतिपादन होतं. त्यात तथ्य आहेच. एकाच जातीचे दोन प्रौढ नर छोट्या टाकीत ठेवू नयेत, हा नियम आजही पाळावा. पण गोष्ट तिथे संपत नाही. बॉबी लो यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एका डॅमसेल माशाचा अभ्यास करून 1971 मध्ये तो प्रसिद्ध केला. हा मासा आपल्या हद्दीतल्या शेवाळावर जगतो. त्याने हुसकावलेल्या जातींत रंगाचं, आकाराचं काही साम्य नव्हतं. जवळजवळ सगळ्या शेवाळ खाणाऱ्या होत्या. मांस खाणारे मासे शेजारून गेले तर त्यांच्याकडे त्याचं लक्षही नसे. म्हणजे वैर ठरतं ते पोटावरून आणि पत्त्यावरून: एकाच ताटात कोण जेवतं, एकाच कपारीत कोण झोपतं. नेमके हेच डॅमसेल दुकानात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत काटक म्हणून नवख्याच्या गळ्यात मारले जातात. विजेसारखा निळा ‘ब्लू डेव्हिल’ किंवा काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला ‘डॉमिनो’ पन्नास लिटरांत सोडला की पुढच्या प्रत्येक पाहुण्याशी त्याची गाठ आहे. क्लाऊनफिशही त्याच कुळातला, त्यामुळे ही अस्सल भावबंदकी.

यावर हमखास आक्षेप येतो की दुकानाच्या टाकीत तर तीस-तीस मासे गुण्यागोविंदाने दिसतात. दिसतात खरे. पण तिथे कोणाचाच पत्ता पक्का झालेला नसतो. रोज कोणी येतं, कोणी जातं, लपायला दगडही नसतो आणि राखायला हद्दही. शिवाय गर्दीत मार वाटला जातो, कोणा एकाच्या वाट्याला सगळा येत नाही. या गर्दीमागे बहुधा अनेक टाक्यांना जोडलेली मोठी गाळणयंत्रणा असते. त्यातले पाच मासे घरी आणा, दोन आठवडे स्थिरावू द्या, मग खरा स्वभाव कळतो. हिरव्या क्रोमिसचा थवा हे याचं नेहमीचं उदाहरण. समुद्रात ते मोठ्या थव्याने फिरतात म्हणून पाच-सहा एकदम घेतले जातात. काही महिन्यांत एकेक करून कमी होतात आणि शेवटी सगळ्यांना पुरून उरलेला एकटा राहतो. छोट्या जागेत थवा बनतच नाही, बनते ती उतरंड.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि जास्त वजनदार आहे: चांगला फिल्टर, प्रोटीन स्किमर आणि नियमित पाणी बदल असेल तर मासे वाढवायला काय हरकत? फिल्टर अमोनिया हाताळतो, हे खरं. नवीन टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि एकदा रुजले की ते आपलं काम चोख करतात. पण फिल्टर कपार निर्माण करत नाही. प्राणवायूच्या बाबतीतही खारं पाणी कंजूष असतं. 25 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात 6.7 च्या आसपास. मे महिन्यात पाणी तापलं की आणखी कमी. पंप चालू आहे तोवर हे जाणवत नाही. वीज गेली की जाणवतं, आणि आपल्याकडे वीज जाते. ‘इतक्या लिटरला इतके इंच मासा’ हे जुनं गणितही इथे फसवतं. लांबी दुप्पट झाली की मासा वजनाने जवळपास आठपट होतो. पाच सेंटिमीटरचे दोन मासे आणि दहा सेंटिमीटरचा एक मासा यांची लांबी सारखी, पण प्राणवायूचं आणि घाणीचं बिल अगदी वेगळं. म्हणूनच ‘आत्ता लहान घेऊ, मोठा झाला की बघू’ हा युक्तिवाद टिकत नाही. ‘डोरी’ म्हणून मिळणारा ब्लू टँग 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. आपल्या टाकीची रुंदीच तेवढी.

काही मासे कोणाशीच भांडत नाहीत आणि तरीही छोट्या टाकीत मरतात, उपासमारीने. अतिशय देखणा मँडरिन मासा दिवसभर दगडांवरचे सूक्ष्म कोपेपॉड टिपत असतो. पन्नास लिटरांतल्या दगडांवर ते पुरेसे पैदा होत नाहीत आणि तयार अन्नाकडे तो सहसा पाहत नाही. क्लीनर रास हा इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा. दोन-तीन निरोगी माशांच्या टाकीत त्याने खायचं काय? तक्त्यात दोघांपुढेही ‘शांत स्वभाव’ असाच शेरा असतो.

आता उरलेल्या जागेकडे पाहू. क्लाऊनफिशची जोडी मधल्या आणि वरच्या पाण्यात वावरते. तळाची वाळू मोकळी आहे, आणि तिथे राहणारा एखादा गोबी त्यांच्या ताटात हात घालत नाही. आपल्या खाडीच्या चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्यांच्याच गोतातला हा मासा. यलो वॉचमन गोबी पूर्ण वाढला तरी दहा सेंटिमीटरच्या आसपास राहतो. पण त्याची खरी गंमत त्याच्या भागीदारात आहे. पिस्तूल कोळंबीला नजर जेमतेम असते, पण बीळ खोदण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. ती वाळू उपसून बाहेर आणून टाकते. गोबी दारात बसून पहारा देतो. बाहेर असताना कोळंबीची एक मिशी सतत माशाच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि कोळंबी आत सटकते. धोका मोठा असेल तर तिच्यामागोमाग गोबीही. हिच्या मोठ्या पंजाचा ‘टक्’ आवाज दिवाणखान्यात ऐकू येतो. हा आवाज पंजा आपटल्याचा असावा असं वाटत होतं. 2000 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की पंजा मिटताना सुटलेल्या वेगवान धारेत एक बुडबुडा तयार होतो आणि तो कोसळण्याचा हा आवाज आहे. ‘तीन मासे म्हणजे टाकी रिकामीच की,’ असं म्हणणाऱ्यांना मी हे बीळ दाखवेन. रंगीत गर्दीच्या टाकीत मासे एकमेकांना चुकवत असतात. इथे दोन वेगळ्या जातींचे जीव एकत्र घर चालवताना दिसतात. एक सूचना मात्र गंभीर आहे: दगड वाळूवर न रचता थेट तळाच्या काचेवर टेकवावेत, नाहीतर बिळामुळे रचना ढासळून तेच दोघे चिरडतात.

कपड्यावरच्या रेघांसारख्या लाल-पांढऱ्या पाठीची क्लीनर कोळंबी, वाळू चाळणाऱ्या आणि काचेवरचं शेवाळ खरवडणाऱ्या गोगलगायी हे पुढचे सोबती. त्यांचा भार नगण्य, आणि माशांच्या भांडणात त्यांचा कसलाच हिस्सा नसतो. शंखखेकड्यांबद्दल मी हात राखून आहे. मोठं घर हवं झालं की ते गोगलगायीला मारून तिचा शंख बळकावतात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची आणि लांब पंजांची बँडेड कोळंबीही एकटीच ठेवावी, तीही दुसऱ्या कोळंब्या नसतील तरच. म्हणजे कोळंबी म्हटली की गरीब, असंही नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत खरा आक्षेप इथे येतो. कोळंबी आणि गोगलगायी माशांपेक्षा नाजूक असतात; क्षारतेतला चढउतार त्यांना लवकर बाधतो. 50 लिटर पाण्यातून दोन लिटर वाफ झाली तर मीठ मागेच राहतं आणि लिटरला 35 ग्रॅमची क्षारता साडेछत्तीसवर जाते. पंख्याखालच्या छोट्या टाकीत याला फार दिवस लागत नाहीत. शिवाय माशांना पांढरे ठिपके पडणारा रोग झाला की त्यावरचं तांब्याचं औषध या सगळ्यांना मारून टाकतं. दोन्ही गोष्टी मान्य. पहिलीवर उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे: वाफेची भर रोज आरओच्या गोड्या पाण्याने घालायची, खाऱ्या नव्हे. दुसरीवर उपाय म्हणजे नवा मासा आधी वेगळ्या साध्या टाकीत काही आठवडे ठेवायचा आणि औषध लागलंच तर तिथेच द्यायचं. आणि हे दोन्ही उपाय मासेच पाळले तरी करावेच लागतात. कोळंबी असली की त्यांत चालढकल करता येत नाही, इतकाच फरक.

क्रमालाही महत्त्व आहे, कारण हद्द आधी येणाऱ्याची होते. जिवाणू रुजल्यावर गोगलगायी, मग कोळंब्या आणि गोबी, आणि क्लाऊनफिशची जोडी सगळ्यांत शेवटी. हौशी माणूस नेमकं उलट करतो. समुद्रफूल मात्र या टाकीत नकोच. ते जागा बदलतं, वाटेतल्यांना डंख करतं, पंपात अडकून सगळं पाणी नासवू शकतं, आणि क्लाऊनफिशचं टाकीत त्याच्यावाचून काही अडत नाही. जोडी घेताना ती समुद्रातून पकडलेली आहे की पैदास केलेली, हे विचारावं. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकापासून शोभेचे मासे पकडण्यासाठी सायनाइड वापरलं गेलं; क्लाऊनफिशच्या बाबतीत तशी गरजच उरलेली नाही, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतातच त्यांची पैदास साधली आहे. दगडांबाबतही तीच चौकशी हवी. प्रवाळ 2001 पासून आपल्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावरून उचलून आणलेला प्रवाळाचा तुकडा, कितीही सुकलेला असला तरी, टाकीत टाकायची वस्तू नाही. साधे कोरडे सच्छिद्र दगड किंवा भाजलेल्या मातीचे तुकडे जिवाणूंना तेवढेच चालतात. जोडी नीट सांभाळली तर ती दोन दशकांहून जास्त जगू शकते, म्हणून टाकी कुठे ठेवायची हे ठरवताना पुढच्या घरबदलाचाही विचार करून ठेवावा.