हॉटस्पॉट कामावर गेला

"ताई, हे कामावर गेले ना, की टॅब मुका होतो बघा."

माझ्या धाकट्या जावेचा हा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. फोन खांद्याशी धरून ऐकलं आणि हसले. नंतर विचार केला तेव्हा हसू गेलं, कारण तो टॅब तिला मीच घ्यायला लावला होता. मोठ्या ऐटीत, 'मला यातलं कळतं' असं म्हणून.

माझं सासर मुळशी तालुक्यातलं माले. पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड असं करत ताम्हिणीच्या दिशेने निघालं की वाटेत लागतं. पावसाळ्यातल्या रविवारी या रस्त्यावर भजी खायला आणि धबधबे बघायला निघालेल्या गाड्यांची रीघ असते. आम्ही पुण्यात राहतो, पण गौरी-गणपती, शिमगा मात्र तिकडेच. धाकटे दीर आणि जाऊ तिथे सासूबाईंजवळ असतात. दीर पिरंगुटला कारखान्यात कामाला. जाऊ घर बघून शिवणकाम करते. बारावीनंतर लगेच लग्न झालं, शिक्षण राहिलं. मुलगी पाचवीत गेल्यावर तिने स्वतःच ठरवलं आणि मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा फॉर्म भरला. घरात कुणी नको म्हणालं नाही. पण चल, मी मदत करतो, असंही कुणी म्हणालं नाही. तुमच्या घरातही असंच असेल, नाही का?

तिच्याकडे बटणांचा साधा फोन. घरातला मोठा फोन एकच, दिरांचा. अभ्यासाचे व्हिडिओ, नोट्स, सूचनांचा ग्रुप, सगळं त्या एका फोनवर, आणि तो फोन दिवसभर पिरंगुटला. म्हणून टॅब घ्यायचा ठरला. नवा नाही, वापरलेलाच. शिवणाच्या पैशांतून जमतील तेवढ्यात.

आधी फुकटचा मोह झाला, तेही सांगते. माझ्या भावाकडे २०११ साली आलेला आयपॅड-टू पडून होता, तोही सिमवाला. त्या वर्षी जानेवारीत आपल्याकडे पहिला आयपॅड आला, तेव्हा सर्वांत कमी जागेचा वायफायवाला २७,९०० रुपयांना आणि थ्रीजी सिमवाला ३४,९०० रुपयांना होता. म्हणजे सिमच्या खाचेसाठी सात हजार जास्त! भावाने तेव्हा हौसेने सिमवाला घेतला होता. मी म्हटलं, झालं काम. माल्याला नेला, सिम घालायला गेलो तर खाच मोठी आणि सिम लहान. त्या काळचं मायक्रो सिम, आताचं नॅनो. पिरंगुटहून दिरांनी दहा-वीस रुपयांची प्लॅस्टिकची चौकट आणली, त्यात सिम बसवलं. सिम जिओचं. टॅब ढिम्म. मग डोक्यात प्रकाश पडला, की २०१६ च्या सप्टेंबरात सुरू झालेलं जिओ पहिल्यापासून फोरजीच आहे आणि या बिचाऱ्या टॅबला थ्रीजीच्या पुढची भाषा येत नाही. एअरटेलनेही २०२० मध्ये देशभरातलं थ्रीजी बंद केलं. म्हणजे भावाने सात हजार जास्त देऊन घेतलेली खाच आता नुसतीच खाच. वर त्याची सिस्टिमही इतकी जुनी, की हवी ती ॲप्स त्यावर चढतच नव्हती. मुलीने त्यावर दोन दिवस चित्रं काढली, मग तो परत कपाटात गेला.

म्हणून जुना टॅब बघताना नुसतं "सिम चालतं का?" असं विचारू नका. "फोरजी आहे का?" असं विचारा. आणि शक्य असेल तर आपलंच सिम तिथल्या तिथे घालून बघा.

मग आम्ही दुकानात गेलो. २०२० मध्ये आलेला सॅमसंगचा गॅलक्सी टॅब ए-सेव्हन, वापरलेला, पण बऱ्या स्थितीतला. हा टॅब नवा होता तेव्हा वायफायवाला १७,९९९ आणि सिमवाला २१,९९९ रुपयांना होता. फरक चार हजारांचा. वापरलेल्यात फरक कमी होतो, पण असतोच. दुकानदार म्हणाला, "ताई, घरीच वापरायचा ना? मग सिमचा कशाला? हॉटस्पॉटवर चालतो की." मलाही पटलं. माझ्या मुलाचा आयपॅड वायफायवालाच आहे आणि काही अडत नाही. २०२१ चा, नवव्या पिढीचा. तेव्हा आपल्याकडे तो ३०,९०० ला होता आणि सिमवाला ४२,९००. बारा हजारांत एक खाच! आम्ही सरळ स्वस्तातला घेतला होता. तोच शहाणपणा मी जावेच्या गळ्यात बांधला.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. माझ्या पुण्याच्या घरात वायफायचा डबा चोवीस तास चालू असतो आणि घरात चार मोठे फोन आहेत. माल्याच्या घरात वायफाय म्हणजे दिरांच्या खिशातला हॉटस्पॉट. सकाळी साडेसातला ते गाडीला किक मारतात, की त्यांच्याबरोबर घरातलं इंटरनेटही पिरंगुटला कामाला जातं. संध्याकाळी येतात तेव्हा जाऊ चुलीशी. रात्री जेवणं आवरून ती बसते, तर फोनला चार्जिंग नाही, नाहीतर डेटा संपलेला, नाहीतर ते स्वतःच मॅच बघत असतात. आणि मागायचं म्हणजे दर वेळी मागायचं. "जरा हॉटस्पॉट लावता का?" हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणायचं? दीर स्वभावाने चांगले आहेत हो, कधी नाही म्हणत नाहीत. पण मागणाऱ्याला आपणच आधी दहा वेळा विचार करतो.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तर गंमतच झाली. गंमत कसली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख ग्रुपवर आली होती. दीर रात्री साडेबाराला घरी आले तेव्हा तिने ती वाचली, आणि मुदत तर बाराला संपली होती. पुढे विलंब शुल्क भरून फॉर्म गेला, वर्ष वाचलं. पण ते पैसे म्हणजे तीन ब्लाऊजची शिलाई.

घरी वायफायचा डबाच का बसवत नाही, असं तुम्ही म्हणाल. विचारलं होतं. पण एक म्हणजे दरमहाचा खर्च, आणि दुसरं म्हणजे वीज. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. फांदी पडली, वीज गेली, की कधी येईल ते वरुणराजालाच ठाऊक. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्यावर खाली भिऱ्याला वीज तयार होते, मुंबईला उजेड होतो, आणि आम्ही इकडे मेणबत्ती शोधतो. ते असो. वीज गेली की वायफायचा डबा त्या क्षणी बंद. टॅबची स्वतःची बॅटरी मात्र असतेच, आणि मोबाइलच्या टॉवरलाही मागे बॅटरी असते, त्यामुळे सिम काही वेळ तरी तग धरतं. बॅटरीवर चालणारा छोटा डोंगल मिळतो, तोही एक मार्ग. पण चार्ज करायची आणखी एक वस्तू आणि सांभाळायची आणखी एक वस्तू.

शेवटी आम्ही टॅब बदलायचं ठरवलं. या खेपेला मी ऐट घरी ठेवली आणि आधी चौकशी केली.

पहिली गोष्ट म्हणजे बिनसिमच्या टॅबला नंतर सिम बसवता येत नाही. दुकानदार काहीही म्हणोत. आतलं यंत्रच नसतं. हा निर्णय घेतानाच घ्यायचा, मागाहून फॉल-पिको करून भागणारं काम नाही हे.

दुसरी गोष्ट रेंजची. डोंगराळ भागात एका कंपनीची रेंज अंगणात, तर दुसरीची न्हाणीघरात! गौरीला घरी आलेल्या पाहुण्यांचे फोन घेऊन मी आणि जाऊ घरभर फिरलो. सासूबाई म्हणाल्या, "काय हरवलंय गं तुमचं?" शिवणयंत्र असतं त्या खिडकीशी एका कंपनीच्या दोन काड्या टिकतात हे सापडलं. तेच सिम घ्यायचं ठरलं. रेंज नसेल तर सिमवाला टॅब म्हणजे भावाचा आयपॅड-टूच समजा.

तिसरी गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. आयपॅडमध्ये सिम घातलं तरी ते फक्त इंटरनेटसाठी. त्यावर साधा फोन लागत नाही, बँकेचा ओटीपीचा एसएमएस दिसत नाही. व्हॉट्सॲपचं आयपॅडसाठीचं ॲप २०२५ मध्ये आलं, पण तेही फोनवरच्या खात्याला जोडावं लागतं. जिच्याकडे मोठा फोन नाही, तिला याचा उपयोग अर्धाच. सिमवाल्या अँड्रॉइड टॅबवर मात्र एसएमएस येतो, पुष्कळशा टॅबवर फोनही लागतो आणि त्याच नंबरवर स्वतःचं व्हॉट्सॲप सुरू करता येतं. तरी दुकानातच एक फोन लावून बघावा, लाजू नये.

नकाशाचं म्हणाल तर आयपॅडच्या वायफायवाल्या प्रकारात जीपीएस नसतं, सिमवाल्यात असतं. आम्ही मुलाचा आयपॅड घेऊन ताम्हिणीला गेलो, तेव्हा तो निळा ठिपका पौडलाच बसून राहिला होता. सॅमसंगच्या पुष्कळ वायफाय टॅबमध्ये मात्र ते असतं. वजनात म्हणाल तर मुलाच्या आयपॅडचा वायफाय प्रकार ४८७ ग्रॅमचा आणि सिमवाला ४९८, म्हणजे दोन-तीन चमचे साखरेचा फरक. बॅटरीचं कंपनीच सांगते, वायफायवर दहा तास, तर सिमवर नऊ. रेंज कमी असेल तिथे याहून लवकर उतरते, हे आमच्या खिडकीने शिकवलं.

आणि एक सांगायचं राहिलंच. वापरलेला टॅब चोरीचा तर नाही ना? सिमवाल्या टॅबला पंधरा आकडी आयएमईआय नंबर असतो. मोबाइलवरून केवायएम लिहून, जागा सोडून, तो नंबर लिहायचा आणि १४४२२ वर एसएमएस पाठवायचा. नंबर चोरीमुळे बंद केलेला आहे का ते उत्तरात कळतं. सरकारच्या 'संचार साथी' या सोयीतही ते बघता येतं. बिनसिमच्या टॅबला हा नंबरच नसतो, त्यामुळे तिथे बिल आणि ओळखीचा दुकानदार हाच आधार. आधीच्या मालकाचं खातं समोरच काढून घ्या, नाहीतर घरी येऊन टॅब त्याचाच पासवर्ड मागत बसतो.

जुना टॅब परत देऊन आणि वर पैसे घालून तिने तोच ए-सेव्हन, पण फोरजी सिमवाला घेतला. या सगळ्यात मिळून सिमवाला आधीच घेतला असता त्यापेक्षा जास्तच गेले. ते जास्तीचे पैसे मी देते म्हटलं, चूक माझी होती. तिने निम्मेच घेतले. खर्च वाढला हेही खरं. आता दरमहा आणखी एक रिचार्ज, आणि तो शिवणाच्याच पैशांतून. ज्या घरात कायमचं वायफाय आहे किंवा बाईच्या हातात स्वतःचा मोठा फोन आहे, तिथे मी आजही बिनसिमचाच घ्या म्हणेन, उगाच पैसे घालवू नका. पण घरातलं इंटरनेट दुसऱ्याच्या खिशातून येत असेल, तर ते चार हजार मोजताना खाचेचे म्हणून मोजू नका.

सिम घ्यायला दुकानात गेलो तेव्हा मुलाने विचारलं, कुणाच्या नावावर? बटणांच्या फोनचं सिम दिरांच्या नावावर आहे. जाऊ क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग पर्समधून आपलं आधार कार्ड काढलं. फोटो काढताना पदर सारखा केला.

गेल्या महिन्यात फोन केला तर म्हणाली, दुपारी यंत्राशी टॅब उभा करून ठेवते, काजं-बटणं करताना ऐकते. दुसऱ्या वर्षाची पुस्तकं आली आहेत. मागून दिरांचा आवाज आला, "अगं, माझा डेटा संपलाय, तुझा हॉटस्पॉट लाव की जरा!"

"पासवर्ड दिलास का?" मी विचारलं.

"दिलाय की," ती म्हणाली. "मॅच असली की बदलते."