घोरणे, नाकावरची पट्टी आणि हृदय



एरवी या पानावर आम्ही लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा सांगतो. आज विषय नाकाचा आहे. ऊसविकासवाल्यांचे नाकाशी काय काम, असे कोणी म्हणेल. पण कारण घडले ते आपल्याच वजनकाट्यावर.

गेल्या हंगामात रात्री नंबर लावून आपले एक सभासद ट्रॅक्टरवरच झोपले होते. घोरणे असे, की बैल बुजावेत. मध्येच घोरणे थांबे, श्वासही थांबे, मग गुदमरल्यासारखे होऊन ते दचकत. आम्ही हसलो. हसायला नको होते. दिवसाही स्टिअरिंगवर डुलकी लागते, म्हणून घरच्यांनी मेडिकलमधून नाकावर लावायची पट्टी आणली होती.

ही पट्टी स्प्रिंगसारखी नाकपुड्या बाहेर ओढून धरते. सर्दीने किंवा पाचटाच्या धुराने नाक चोंदले असेल तर बरे वाटते, घोरणेही कमी होऊ शकते. पण झोपेत श्वास अडतो तो बहुधा घशात. वरचा पाट साफ केला आणि खाली पाईपच चेपलेला असला, तर पाणी जाणार कसे?

श्वास अडला की रक्तातील प्राणवायू घटतो, झोप मोडते, रक्तदाब चढतो. रात्रभर हेच चालले की ताण हृदयावर. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले होते.

मुखवट्यातून हवेचा दाब देण्याची युक्ती १९८१ साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हान यांनी मांडली. त्या यंत्राने घसा उघडा राहतो, दिवसाची पेंग जाते, रक्तदाब थोडा उतरतो. मात्र २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७०० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासात झटके कमी झालेले दिसले नाहीत. पण ती मंडळी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही लावत नव्हती. अर्ध्या रानावर फवारणी करून कीड गेली नाही म्हणण्यातला हा प्रकार असू शकेल.

नाक मोकळे करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांवर घालू नका, नाक उलट जास्त चोंदते. रक्तदाबवाल्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचे नवे खूळही नको.

आपल्या त्या सभासदांची झोपेची तपासणी संभाजीनगरला झाली. पहिले आठ दिवस मुखवट्याला कंटाळले, आता रोज लावतात. रात्रीची खेप तूर्त पोरगाच आणतो.