चिमणीचं घरटं आणि आपली मजुरी

आज बोलूया चिमणीच्या लाकडी घरट्यांविषयी. टाकाऊ फळ्यांपासून ती करता येतात, विकताही येतात. बचत गटाला जमण्यासारखा हा धंदा आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या: घरटं चिमणीला मानवलं पाहिजे आणि भाव आपल्याला परवडला पाहिजे.

आधी चिमणीचं पाहू. ती घरट्यासाठी कपार, खोबण, भोक शोधते. कौलारू घरात आढ्याला, वळचणीला, भिंतीवरच्या फोटोमागे तिला जागा मिळायची. स्लॅबच्या घरात तशी फट उरली नाही. म्हणून ही लाकडी घरटी. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो.

मालाच्या खोक्यांच्या फळ्या भंगारात मिळतात. फवारणीच्या औषधाच्या खोक्याची फळी मात्र घेऊ नका. तळ साधारण ५ बाय ५ इंच, उंची ८ ते ९ इंच ठेवा. तळापासून ५ इंचांवर सव्वा इंचाचं गोल भोक पाडा. भोक मोठं झालं की साळुंकी ताबा घेते, मांजराचा पंजाही आत जातो. भोकाखाली बसायला काडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र आधार होतो. आतून रंग नको, खिळ्याचं टोक नको. पत्रा उन्हात तापतो, त्यात पिल्लं होरपळतात. तळाला चार बारीक भोकं आणि साफसफाईसाठी झाकणाला बिजागरी हवी. घरटं ८ ते १० फुटांवर, सावलीत, पंख्यापासून लांब टांगायचं, हे गिऱ्हाइकाला सांगा.

आता भाव. समजा, फळी ४० रुपये, खिळे-बिजागरी-तार २० रुपये, वाहतूक आणि हत्यारांची झीज २० रुपये. झाले ८०. जुने खिळे उपटणं, घासणं, कापणं, ठोकणं यात दोन तास गेले. तासाला ६० रुपये धरले तर मजुरी १२०. म्हणजे घरटं २०० रुपयांना पडलं. त्यावर गटासाठी २० रुपये ठेवले की भाव २२०.

व्यापारी म्हणतो, "टाकाऊ लाकूडच ना? शंभरला द्या." शंभरातून ८० वजा करा. दोन तासांचे उरले २० रुपये, म्हणजे तासाला दहा! त्यापेक्षा खुरपणीला गेलेलं बरं. लाकूड टाकाऊ असेल, आपला वेळ टाकाऊ नाही.

यालाच न्याय्य व्यापार म्हणतात, इंग्रजीत फेअर ट्रेड. ही मेहेरबानी नव्हे, रीतसर व्यवहार आहे. जागतिक फेअर ट्रेड संघटनेची १० तत्त्वं आहेत. कारागिराला योग्य मोबदला, बाईला आणि पुरुषाला समान कामाचे समान दाम, मुलांना कामाला जुंपायचं नाही, ही त्यातलीच. आणखी एक आपल्या फार कामाचं: कारागिरांनी मागितल्यास हस्तकलेच्या ऑर्डरवर किमान ५० टक्के रक्कम आगाऊ, बिनव्याजी द्यायची. मार्चची मागणी पुरवायची तर जानेवारीतच फळ्या घ्याव्या लागतात. आगाऊ रक्कम मिळाली, तर त्यासाठी सावकाराचं दार ठोठवावं लागत नाही. म्हणून मोठी ऑर्डर घेताना भाव, नग, आगाऊ रक्कम आणि बाकी पैशांची तारीख कागदावर लिहून घ्या.

पुढच्या बैठकीत एक घरटं सगळ्यांसमोर करा. घड्याळ लावा, लागलेला वेळ आणि खर्च वहीत लिहा. हिशेब हातात असला की भाव सांगताना आवाज कापत नाही.