हिवाळी पाहुणे आणि ज्वारीची जुडी

युरोप-अमेरिकेत थंडी पडू लागली की परसदारी दाण्यांची भांडी टांगण्याचा मोठा प्रघात आहे. जमीन बर्फाखाली गेली की फिंच कुळातील जाड, शंकूसारख्या चोचीचे इवलेसे पक्षी त्या भांड्यांवर येतात आणि घरातील मंडळी खिडकीतून त्यांची लगबग पाहत बसतात. आपल्या बीड जिल्ह्यात हे चित्र उलटे आहे. येथे हिवाळा हा पाखरांच्या उपासमारीचा नव्हे, तर सुगीचा काळ. बाजरी खळ्यातून घरी आलेली असते, मार्गशीर्षात शिवारातील रब्बी ज्वारी पोटऱ्यात येते आणि पौषात तिचा हुरडा होतो. म्हणूनच थंडीतले परदेशी पाहुणे आपल्या अंगणात कमी आणि शेतात अधिक दिसतात.

या पाहुण्यांत पहिला मान भोरडीचा. गुलाबी अंग, काळे डोके आणि काळे पंख असलेली ही मैनेच्या कुळातील भोरडी मध्य आशियातून व पूर्व युरोपातून येते. तिचे पहिले थवे पावसाळा सरण्याआधीच दाखल होतात. मागोमाग भारीट येतात. काळ्या डोक्याचा, पोटाकडून पिवळाजर्द असलेला भारीट आग्नेय युरोप ते इराण या पट्ट्यातून येतो, तर त्याचा लाल डोक्याचा भाऊबंद मध्य आशियातून. ज्वारीवरून उठलेला भारिटांचा थवा बाभळीवर बसला की तिला अवेळी बहर आल्याचा भास होतो. खऱ्या फिंच कुळातील पाहुणा म्हणजे रोजफिंच. नराचे डोके व छाती लाल, मादी मात्र चिमणीसारखी तपकिरी, रेघोट्यांची. हिमालयातून आणि त्याही पलीकडून तो दख्खनमध्ये उतरतो. राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो; मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. पाखरे पाहायला आरंभ करण्यास तो उत्तम मुहूर्त होय.

मात्र या पाहुणचाराचा खर्च कोण सोसतो, हेही पाहायला हवे. दाणा दुधात आला की भोरड्यांचा थवा शेतात उतरतो आणि पाहता पाहता कणसे रिकामी होतात. पूर्वी माळ्यावर चढून, गोफण फिरवीत पहाटेपासून राखण होत असे. आता राखणीला माणूस मिळत नाही. ज्वारी सोडून कापूस, सोयाबीन, ऊस यांकडे वळलेले शेतकरी इतर कारणांबरोबर पाखरांचा त्रासही सांगतात. बँकेत असताना पीककर्जाचे असंख्य अर्ज माझ्या हातून गेले. त्यांत पाखरांच्या वाट्याचा रकाना कधीच नव्हता. आपण अंगणात मूठभर दाणे टाकतो, त्याला जीवदया म्हणतो; शेतकऱ्याचे पायलीने जाते, त्याची नोंद कोठेच नाही. दुसऱ्या बाजूने हेही नमूद केले पाहिजे की हीच भोरडी टोळ व नाकतोडे प्रचंड प्रमाणात खाते. चीनच्या शिनच्यांग प्रांतात टोळांच्या बंदोबस्तासाठी तिला घरटी करण्यास मुद्दाम जागा बांधून दिल्या जातात.

अंगणात येतात ती बहुधा इथलीच पाखरे: चिमण्या, होले आणि मुनिया. मुनियांकडे आपले फारसे लक्ष जात नाही, ही खेदाची गोष्ट. पांढऱ्या कंठाची मुनिया म्हणजे मातकट रंगाची, निळसर-करड्या चोचीची, चिमणीहूनही लहान अशी सात्त्विक चीज. सुगरणीची रिकामी घरटी ती रात्रीच्या मुक्कामाला वापरते. थंडीत एकेका घरट्यात चार-पाच जणी दाटीवाटीने झोपतात.

या पाखरांना दाणे घालताना एक धडा इंग्लंडकडून घेण्यासारखा आहे. तेथे ग्रीनफिंच हा परसातील अगदी नेहमीचा पक्षी. २००५ पासून त्यांच्यात ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीचा रोग पसरला. घसा सुजतो, दाणा गिळवत नाही आणि पाखरू अन्नासमोर बसून उपाशी मरते. हा परजीवी मूळचा कबुतरांचा व होल्यांचा. लाळ लागलेले दाणे आणि पाणी यांतून तो एका पाखरातून दुसऱ्यात जातो. म्हणजे प्रेमाने मांडलेले ताटच रोगाचे ठिकाण झाले. २०२१ मध्ये ग्रीनफिंचचे नाव ब्रिटनच्या धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत गेले. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून वाद झाला व तो न्यायालयापर्यंत गेला. त्याच्या तपशिलात मी शिरत नाही. परंतु एका जागी पोत्याने धान्य ओतले की एकाच जातीच्या पक्ष्यांची बेसुमार गर्दी होते आणि लहान पाखरे मागे हटतात, हे आपल्या समाजाने मोकळेपणाने मान्य करावे असे माझे मत आहे.

यावर उपाय आपल्या वाडवडिलांच्या ओसरीवरच आहे. ज्वारी-बाजरीच्या कणसांची जुडी वळचणीला टांगण्याची जुनी रीत कोणत्याही विकतच्या फीडरहून सरस ठरते. चिमण्या व मुनिया कणसाला लटकून एकेक दाणा टिपतात. कबुतराला ते जमत नाही. दाणे एका जागी साचून विष्ठेने खराब होण्याची भीतीही पुष्कळ कमी. परळातच दाणे घालायचे असतील तर दुपारपर्यंत संपतील एवढेच घालावेत, संध्याकाळी परळ घासून उन्हात वाळवावे. ओलसर धान्याला बुरशी लागते, किडे होतात. जीव वाचवायला जाऊन जीवहिंसाच पदरी पडते. पाण्याचेही तसेच; रोज न बदलल्यास त्यात डासांच्या अळ्या होतात. पेरणीसाठी औषध लावलेले रंगीत बियाणे चुकूनही टाकू नये. उरलेले फरसाण आणि पाव पाखरांसमोर टाकणारेही पुष्कळ आहेत. मीठ त्यांना बाधते. जुडी मांजराच्या झेपेबाहेर, पण बोरी-मेंदीसारख्या दाट झुडपाच्या जवळपास असावी, म्हणजे शिक्रा आला तर पाखरांना आसरा मिळतो.

फाल्गुनात ज्वारीची काढणी होते, माळावर पळस फुलतो. भोरड्या काही दिवस त्या फुलांतील मधावर राहतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक निघून जातात. जुडी तेव्हा उतरवली तरी चालते. पाण्याचे परळ मात्र त्या दिवसांपासून दोन वेळा भरावे लागते.