घरचा सर्व्हर कोठें ठेवावा?

स्वतःच्या हातांनी जुळविलेलें यंत्र प्रथम चालू होतें, त्या क्षणाचा आनंद कांही निराळाच असतो. परंतु तो ओसरला, कीं एक साधा प्रश्न उभा राहतो: हें यंत्र आतां ठेवावें कोठें? आज याच प्रश्नाचा आपण थोडा विचार करूं.

सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस जागा राहून, मागेल त्याला साठविलेली माहिती देणारा संगणक. त्याला वीज, थंडावा व तारेची वाट हीं तिन्ही अखंड लागतात. म्हणून त्याची जागा म्हणजे केवळ टेबलाचा एक कोपरा नव्हे.

उदाहरणासाठीं भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील नाकाडोंगरी या गांवीं जाऊं. जवळच डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजची उघडी खाण असून तेथील मँगनीज डायऑक्साइड कोरड्या विद्युत्‌घटांत वापरलें जातें. समजा, येथें एका कुटुंबाचें वडिलोपार्जित घर व धानाची गिरणी आहे. मुलगा नागपुरास नोकरी करतो, मुलगी पुण्यास असते. मुलानें सर्व्हर बांधला. घरचीं छायाचित्रें, सातबाऱ्याच्या प्रती, आजोबांच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण हें सारें त्यांत ठेवावयाचें आहे. शिवाय गिरणीचा हिशेब गिऱ्हाइकांना दुरून पाहतां यावा, अशीहि इच्छा आहे. जागा तीन: गांवचें घर, नागपूरचें बिऱ्हाड, किंवा मुंबईच्या डेटा सेंटरमध्यें भाड्यानें घेतलेली जागा.

गांवच्या घरीं भाडें नाहीं. साठ वॉटचें यंत्र महिनाभर अखंड चालविलें, तर सुमारें ४३ युनिट वीज लागते. वीज गेली तर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी तें दहा-बारा तास सहज जागतें ठेवील. अवघड आहे तो उन्हाळा. यंत्रास मिळणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी तज्ज्ञांची शिफारस. वैशाखांत विदर्भाचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. यंत्र लगेच बंद पडतें असें नाहीं, पण त्याचें आयुष्य झिजतें. दुसरी अडचण पत्त्याची. इंटरनेटच्या पुष्कळशा घरगुती जोडण्यांना स्वतंत्र पत्ता मिळत नाहीं. साऱ्या चाळीचा एकच क्रमांक असला, म्हणजे पोस्टमननें पत्र कोणत्या खोलींत द्यावें? तसेंच येथें होतें. स्वतंत्र पत्ता विकत घेऊन ही अडचण दूर करतां येते.

नागपूरला उन्हाळा तोच, वीजहि कधींमधीं जाणारच. पण तेथें यंत्राचा कर्ता स्वतः राहतो. रात्रीं दोन वाजतां यंत्र अडलें, तर कळ दाबावयास हात जवळ आहे. या गोष्टीची किंमत लोक फार कमी धरतात. नाकाडोंगरीस वृद्ध आईला टेलिफोनवरून ‘तिसरी निळी तार काढा’ असें सांगून पाहावें, म्हणजे ती कळेल!

मुंबईस समुद्रतळाच्या तारा किनाऱ्यास लागतात व मोठीं डेटा सेंटरेंहि त्याच परिसरांत आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईचा बराच भाग कित्येक तास विजेविना होता; अशाच प्रसंगासाठीं या केंद्रांत स्वतःचीं जनित्रें असतात. मात्र तेथील चौकटी एकोणीस इंच रुंदीच्या, आणि भाडें पावणेदोन इंचांच्या एकेका खणावर ठरतें. घरगुती उभी पेटी त्यांत बसत नाहीं. म्हणून जागेचा निर्णय यंत्र बांधण्यापूर्वींच करावा. अंतराची भीति मात्र व्यर्थ आहे. काचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. मुंबई ते नाकाडोंगरी हें ९०० किलोमीटरांचें जाणेंयेणें सेकंदाच्या शंभराव्या भागांत होतें. वाटेंतील वळणांनीं हा वेळ कांही पटींनीं वाढला, तरी हिशेब पाहणाऱ्यास तो जाणवणार नाहीं.

मग निवड कशी करावी? यंत्र बंद पडल्यास कोणाचें अडेल, हें आधीं विचारावें. छायाचित्रें दोन दिवस दिसलीं नाहींत, तर घरचे लोक थांबतील. गिरणीचा हिशेब दिसला नाहीं, तर गिऱ्हाईक थांबणार नाहीं. म्हणून हिशेब भाड्याच्या जागीं द्यावा व घरचा ठेवा नागपुरास राहूं द्यावा. दोन्ही निराळे ठेवण्यांत आणखी एक लाभ आहे: परक्यांसाठीं उघडलेल्या दारानें कोणी आंत शिरला, तरी तो घराच्या माजघरापर्यंत पोंचत नाहीं.

आणि नाकाडोंगरीचें घर? तेथें सर्व ठेव्याची दुसरी प्रत ठेवावी. महिन्यांतून एकदां ती नवी करावी, आणि वर्षांतून एकदां तींतून कांही परत काढून पाहावें. यंत्र कोठेंहि ठेवा, तें एक दिवस मोडणारच. नवें यंत्र बाजारांत मिळेल. आजोबांचा आवाज मात्र एकाच तबकडीवर असेल, तर तो पुन्हां कोठेंहि मिळावयाचा नाहीं.